नाव नसलेला विणकर

"दार उघड, सुहास. नाहीतर त्या माईकसकट तुला गॅलरीतून खाली टाकते," मी जिन्यावरूनच ओरडले.

आत त्याचं बोलणं चालू होतं. रेकॉर्डिंगच्या वेळी तो दाराला आतून जुनी गोधडी लावायचा, गल्लीतल्या यंत्रमागांची खडखड व्हिडिओत येऊ नये म्हणून. इचलकरंजीत राहून मागांचा आवाज नको म्हणणारा हा एकटाच शहाणा. गोधडीमागून त्याचा तो व्हिडिओतला जाडसर आवाज येत होता, घरात तो कधीच तसा बोलायचा नाही. मग आवाज थांबला आणि कडी निघाली. सुहास दारात उभा राहिला, अंगात बनियन, गळ्यात हेडफोन. पुण्याहून पहाटेची एसटी धरून, न कळवता आलेल्या बहिणीला माणूस निदान "काय झालं गं?" तरी विचारतो. यानं काहीच विचारलं नाही.

"तू अण्णांना घालवलंस," मी म्हणाले. "एकदा गेलेलेच होते, तू परत घालवलंस."

"अक्का, आत ये. आई खाली आहे. ऐकू जाईल."

याला आता बरीच वर्षं झाली. पण त्या दुपारी मी जिना कशी चढले, ते मला आजही तसंच्या तसं आठवतं.

हे भांडण कशावरून, ते सांगायला जरा मागं जायला लागेल. 'वेलमार' नावाचा एक व्हिडिओ गेम होता. डोंगरातलं एक राज्य, तलवारी, राक्षस, आणि गावोगाव हिंडणारा आपण. त्याचा पहिला भाग आमच्या घरात आला तो अण्णांमुळं. अण्णा, म्हणजे आमचे वडील, मागावर कामाला होते. त्यांच्या शेठनं ऑफिसातला जुना कॉम्प्युटर टाकून द्यायला काढला, तो त्यांनी मागून घेतला आणि सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून आणला. शेठच्या पोरानं त्यात वेलमार घालून ठेवला होता. मी आणि माझा धाकटा भाऊ सुहास एकाच कीबोर्डवर खेळायचो. चालवायचं मी, तलवार त्याची. माझ्या हाताखालून त्याचा हात जायचा आणि त्यावरून मारामारी व्हायची, ती वेगळीच.

वेलमारमध्ये एक रीत पहिल्या भागापासून होती. ज्या माणसाच्या डोक्यावर नाव दिसतं, तो काही केल्या मरत नाही. दुकानदार, राजा, वैद्य, सगळ्यांना नावं. बाकीचे मासे पकडणारे, लाकडं फोडणारे, नुसते इकडून तिकडं चालणारे, त्यांना नाव नाही, त्यांच्यावर तलवार पडली की ते मेले. एकदा सुहासचा हात चुकला आणि नदीवरचा एक कोळी गेला. पोरगं तेव्हा दुसरीत होतं, रडून रडून घर डोक्यावर घेतलं त्यानं. तेव्हापासून आमच्या घरचा नियम झाला, बिननावाच्या माणसाला हात लावायचा नाही. कामाची पाळी सुटली की अण्णा यायचे, भुवयांवर कापसाची लव तशीच, मागं उभं राहून विचारायचे, आज किती मारले? आम्ही सांगायचो, वाईटच मारले. मग ते मान हलवून हातपाय धुवायला जायचे.

गेमचे भाग येत गेले आणि आम्ही मोठे होत गेलो. मी चित्रकलेकडं वळून पुण्याला गेले. सुहासनं इथंच मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि दुपारच्या वेळात आमच्या आडनावावरून 'बुगडचं परखड' नावाचं चॅनल सुरू केलं. विषय एकच, वेलमार. तिसऱ्या भागावर त्याचा जीव होता. चौथ्यापासून वेलमार बघण्यासारखा झाला, खेळण्यासारखा राहिला नाही, हे त्याचं वाक्य त्याच्या लोकांना पाठ होतं. पाचव्याला मूळची कंपनी मोठ्या कंपनीनं गिळली, सहाव्यात घोड्याच्या खोगिराचेसुद्धा वेगळे पैसे लावले, असं तो तास तास सांगायचा आणि मिरजेपासून अमेरिकेपर्यंतची मराठी पोरं ऐकायची. त्याच्या ग्रुपात शिरायला परीक्षा होती. पहिल्या भागातल्या घोड्याचं नाव सांगता आलं नाही की बाहेर. आमच्या आतेभावाला त्यानं असाच बाहेर काढला, तेव्हा आत्यानं आईला फोन करून विचारलं होतं, सुहासनं आमच्याशी संबंध तोडले का म्हणून.

मी हसायचे त्याला. पण खरं सांगायचं तर मीही त्याच पंथातली. जगात वेलमारवर प्रेम करणारे सगळे लोक आम्हा दोघांसारखेच असणार, असं मला आतून वाटायचं.

अण्णा गेले ते छातीच्या दुखण्यानं. आयुष्यभर कापसाची धूळ आत गेलेली. शेवटच्या दोन वर्षांत एक वाक्य पुरं करताना त्यांना मधे थांबायला लागायचं. सांगलीच्या दवाखान्यात सुहास जवळ होता, मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. सुहासनं त्यावर कधी चकार शब्द काढला नाही, कधी रडलाही नाही माझ्यासमोर. दिवसकार्य झालं तसं त्यानं दाराला गोधडी लावली आणि पुढचा व्हिडिओ केला.

पुढं मी ज्या कंपनीत लागले तिथं बाहेरदेशच्या गेमची चित्रं व्हायची. झाडं, घरं, भांडीकुंडी, माणसं, असलं वरकाम. एक दिवस आमचे टीमप्रमुख करंदीकर यांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं की वेलमारच्या सातव्या भागातलं एक गाव आपल्याकडं आलंय. बाहेर कुणाला, घरच्यांनासुद्धा सांगायचं नाही, सांगितलं तर नोकरी तर जाईलच, वर कोर्टात उभं राहायला लागेल. मी सही केली आणि बाथरूममध्ये जाऊन रडून आले. सुहासला सांगता येत नव्हतं, यापेक्षा मोठी शिक्षा मला कुणी देऊ शकलं नसतं.

त्या गावाच्या टोकाला नदीकाठी एक कोपरा रिकामा राहिला. करंदीकर म्हणाले, काहीतरी टाका तिथं, मोकळं दिसतंय. मी मागाची शेड टाकली. पॉवरलूम त्या जगात चालला नसता, म्हणून जुना खड्डामाग केला. खड्ड्यात पाय सोडून बसलेला एक माणूस केला. खांद्यावर निळ्या काठाचा पंचा, चष्मा कपाळावर चढवलेला. तो सुताचा धोटा इकडून तिकडं फेकायचा, सूत तुटलं की थांबायचा, बोटं ओठांना लावून गाठ मारायचा आणि मान तिरकी करून कापड बघायचा. कुणी आत आलं की वर बघून मान हलवायचा. बस, एवढंच. त्याच्याकडं ना खजिना, ना कामगिरी. नाव मात्र मला देता आलं नाही. नावांची यादी मूळ कंपनीकडून यायची, आणि कोपऱ्यातल्या विणकराला कोण नाव देतंय? ते वरून मंजूर झालं आणि माझ्या जिवाला एकच आस लागली. सुहास खेळेल, नदीकाठी जाईल, शेडमध्ये शिरेल आणि अण्णा त्याच्याकडं बघून मान हलवतील. मग तो मला फोन करेल. मी काहीच बोलणार नाही, आणि त्याला सगळं कळेल.

सातवा भाग आला. सुहासचा फोन आला नाही.

त्याचा लांबलचक व्हिडिओ आला. त्यात त्यानं तलवारीच्या वजनापासून पावसाच्या आवाजापर्यंत सगळ्याची सालं काढली. शेडचं नावही नाही. मी मनाची समजूत घातली, अजून नदीकडं गेला नसेल. ऑफिसात असले व्हिडिओ बघायला आम्हाला बंदीच होती, आणि घरीही लोकांची शिवीगाळ मला सोसली नसती, म्हणून तिथं मी फक्त सुहासचे बघायचे. एक दिवस शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तुमचा तो मागावरचा म्हातारा जाम फेमस झालाय." मला इतका आनंद झाला की मी सगळ्यांना चहा सांगितला.

मग सुहासचा दुसरा व्हिडिओ आला, आणि तो आख्खा शेडवरच होता. ही शेड वेलमारमध्ये बसत नाही, तो म्हणत होता. वेलमारचे लोक कातडं आणि लोकर घालतात, दुसऱ्या भागात कापड समुद्रापलीकडून येतं असं स्पष्ट सांगितलंय, मग नदीकाठी माग आला कुठून? हा म्हातारा इथला नाही. कुणीतरी कोपरा भरायला टाकलेला कचरा आहे. कंपनीला खऱ्या वेलमारकरांची चाड असेल तर ही शेड काढा. त्याचा हाच जाडसर आवाज होता, अण्णा पडद्यावर मागावर बसलेले होते आणि त्यांच्याकडं बोट दाखवून माझा भाऊ त्यांना कचरा म्हणत होता.

त्याच्या लोकांनी ते उचललं, बाहेरदेशच्या लोकांनी त्यांच्याकडून उचललं. कंपनी आधीच शिव्या खाऊन टेकीला आली होती. शंभर तक्रारींतली ही सगळ्यांत स्वस्तात मिटणारी. पुढच्या अपडेटला शेड गेली. करंदीकरांनी मला नुसतं येता जाता सांगितलं, बुगड, तुमचं ते नदीवरचं काढलंय बरं का त्यांनी. दुसऱ्या दिवशी पहाटे मी एसटीत होते.

तर आता ती दुपार. मी खोलीत शिरले आणि तोंडाला येईल ते बोलले. तुला तुझा बाप ओळखता आला नाही, म्हणाले. त्यांच्या शेजारी बसून तू लहानाचा मोठा झालास, आणि तुला तो पंचा दिसला नाही, तो चष्मा दिसला नाही. तुला दिसलं काय, तर दुसऱ्या भागात कापड कुठून यायचं ते. घाल चुलीत तुझा वेलमार, म्हणाले.

सुहास खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. माझं संपेपर्यंत त्यानं मला बोलू दिलं. मग म्हणाला, "मी पहिल्या दिवशीच ओळखलं, अक्का."

मला वाटलं, हा माझी समजूत घालतोय.

"शिरलो आणि त्यांनी मान हलवली. मी हातातलं खाली ठेवलं. दुकान उघडलं नाही त्या दिवशी. मग आईला वर बोलावलं."

"आईला?"

"तिनं बघितलं बराच वेळ. म्हणाली, ह्यांना इथं दम लागत नाही." सुहासनं कॉटकडं बोट दाखवलं. "त्यानंतर रोज दुपारी जेवण झालं की ती वर यायची. मी लावून द्यायचो. ती बसायची बघत. तूच केलंयस हे मला कळलं होतं. फोन हातात घेतला मी, पण तुझ्या नोकरीचं माहीत होतं. असल्या कामाच्या सह्या असतात. फोनवर एक शब्द तोंडातून गेला असता तर?"

"मग काढायला का लावलंस?"

त्यानं फोन काढला, काहीतरी शोधलं आणि माझ्या हातात दिला. "तू बघितलेलं नाहीस. मला वाटलंच होतं."

कुणीतरी खेळत होतं. शेडच्या दारातून आत आलं. अण्णांनी वर बघितलं, मान हलवली. तलवार पडली. अण्णा विणलेल्या कापडावर पालथे पडले आणि मागून पोरं खदाखदा हसली. पुढच्या व्हिडिओत शेडला बाहेरून आग लावली होती आणि आत धोटा चालूच होता. त्याच्या पुढच्यात स्पर्धा होती, कोण सगळ्यांत लवकर नदीवर पोचून 'खटखट आजोबा'ला मारतो त्याची. खाली लाखो लोकांनी बघितल्याचं लिहिलं होतं. प्रत्येक वेळी, मारायच्या आधी, अण्णा मान हलवायचे. ते मीच बसवलं होतं, आलेल्या माणसाला त्यांनी मान हलवल्याशिवाय राहू नये म्हणून. मी फोन पालथा घातला. मी तिथंच जमिनीवर बसले.

"नाव असतं तर मेले नसते," मी म्हणाले. "मला सांगायचं होतंस. मी काहीतरी करून नाव घातलं असतं."

"कुणाचं नाव? कंपनी विचारणार, ह्यालाच का? मग तू काय सांगणार होतीस?" तो माझ्यासमोर उकिडवा बसला. "आणि तो कुणाचा तरी खरा बाप आहे हे बाहेर फुटलं असतं, तर ती पोरं थांबली असती असं वाटतं तुला? अक्का, मी त्यांच्यात आयुष्य काढलंय. जास्त मारलं असतं. तुझा फोटो शोधून काढला असता आणि तो लावून मारलं असतं."

मी पालथा फोन त्याच्याकडं सरकवला.

"त्यांच्याशी दयामाया बोलून उपयोग नसतो. त्यांना एकच भाषा कळते, वेलमारमध्ये काय बसतं आणि काय बसत नाही. म्हणून मी म्हणालो, बसत नाही." त्यानं हाताच्या मागच्या बाजूनं नाक पुसलं. "माझ्या बापाकडं बोट दाखवून म्हणालो, हा इथला नाही. चार वेळा रेकॉर्ड करायला लागलं. आवाज लागत नव्हता."

सांगलीच्या दवाखान्यात जो रडला नव्हता तो माझा भाऊ माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. माझ्याच हातानं मी अण्णांना त्या लोकांच्या पुढ्यात नेऊन बसवलं होतं आणि यानं त्यांना तिथून सोडवून आणलं होतं, तेही स्वतःचं तोंड काळं करून.

जिन्यावर पावलं वाजली तसा तो झटकन उठून तोंड धुवायला मोरीत गेला. आई वर आली. तिच्या हातात चहाचे दोन कप होते. माझं ओरडणं तिनं ऐकलं असणार. कप खाली ठेवले, पदराला हात पुसले आणि कॉटवर बसली.

"दोघंबी हाईसा तर लावा की जरा," ती म्हणाली. "ह्यो म्हंतोय मशीन बिघडलंय. तू तरी बघ गं. चार दिस झालं, बघितलं न्हाई त्यास्नी."

सुहास मोरीच्या दारात तसाच उभा राहिला, तोंडावरून पाणी गळत होतं. त्यानं मला मानेनंच नको म्हणून सांगितलं. अपडेटच्या आधीचा गेम तसाच जपून ठेवायची सोयसुद्धा नव्हती, इंटरनेट जोडल्याशिवाय तो सुरूच व्हायचा नाही आणि जोडला की नवं अपडेट आपोआप उतरायचं. मला वाटलं, आईला किती दिवस खोटं सांगायचं? एकदा दाखवावं आणि जवळ बसून समजावून सांगावं. मी लावलं.

गाव आलं. पूल ओलांडला, नदीच्या कडेकडेनं गेले. वाट मला पाठच होती. कोपऱ्यावर गवत होतं. दोन दगड होते, एक लहानसं झुडूप होतं. काढणाऱ्यानं काम सफाईनं केलं होतं, तिथं कधी काही होतं असं कुणालाही वाटलं नसतं. मी थांबले. समजावून सांगायचं म्हणून आईकडं वळले.

आई जराशी पुढं सरकली. पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग मोरीच्या दारात उभ्या सुहासकडं. आम्हा दोघांच्या तोंडावर काय होतं कुणास ठाऊक.

"पाळी सुटली आसंल," ती म्हणाली. "आसू दे. हुडकत बसू नगासा."

मग तिनं पाय वर घेतले, भिंतीला टेकली आणि त्या गवताकडं बघत बसली. सुहास येऊन तिच्या एका बाजूला बसला, मी दुसऱ्या. चहा निवून गेला. गेम बंद करायला आमच्यापैकी कुणीच उठलं नाही.